न येणाऱ्यांच्या भरवशावर

विमानात खुर्च्या पन्नास. विकल्या चोपन्न.
ही चूक नव्हे, हिशेब आहे.
माँट्रियलमध्ये कुणीतरी बसून तो करतं,
माझ्यापेक्षा बऱ्या पगारावर.
त्याला ठाऊक असतं
की हॅलिफॅक्सहून डियर लेकला जाणाऱ्या शेवटच्या विमानाला
फेब्रुवारीतल्या गुरुवारी चार जण येत नाहीत.
कुणाला ताप भरतो, कुणाची गाडी पुलावर घसरते,
कुणी आदल्या रात्री भांडून ठरवतं, जायचंच नाही.
एकोणीस वर्षं मी या न येणाऱ्यांच्या जिवावर पोट भरलं.
माईकवर त्यांची नावं घेतली, तीनदा,
आणि ओ आली नाही
की हायसं वाटून खोडली.

आज चोपन्न नावांपुढे चोपन्न हिरव्या खुणा.

फिलोमिना ऑर्गन आली, प्लास्टरमधला पाय पुढे करून.
शाळेचा हॉकीसंघ आला, ओल्या मोज्यांच्या वासासकट.
हेडली पाइक आला, मांडीवर केकचा खोका,
दोन्ही हात खोक्यावर,
जणू आत काही झोपलंय.

मी लिलाव सुरू केला.
चारशे डॉलर आणि हॉटेल. कुणी मान वर केली नाही.
सहाशे. एका पोराने आईकडे पाहिलं;
आईने असं पाहिलं की तो पुन्हा फोनमध्ये गेला.
आठशेला नवरे बायकांच्या कानाशी लागतात.
दोघी बहिणी उठल्या, हसत, लॉटरी लागल्यासारख्या.
हजारला उठला तेलाच्या खाणीवरचा एक कामगार,
एकवीस दिवसांची पाळी संपवून घरी निघालेला.
म्हणाला, एकवीस विकले, बाविसाव्याचं काय एवढं.

तीन झाले. चौथा मिळेना.
हजाराच्या वर जायचा मला अधिकार नाही.

मग यंत्राला विचारायचं.
यंत्र चेहरा बघत नाही म्हणतात.
बघतं की, फार बारकाईने बघतं:
तिकीट किती स्वस्तात घेतलं,
आमच्या कंपनीचं मीठ वर्षातून किती वेळा खाल्लं,
काउंटरवर सगळ्यात शेवटी कोण पोचलं,
बरोबर कुणी आहे का.
एकट्या माणसाला उठवणं सोपं जातं.

पाइक, हेडली.

भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये.
मी पाटावर बसायच्या आतच सांगते,
हीच काय ती माझी माया.
तो ओरडला असता तर बरं झालं असतं;
ओरडणाऱ्यांसाठी माझ्याकडे वाक्यं आहेत, पाठ.
त्याने फक्त विचारलं,
हा उद्यापर्यंत टिकेल का?
मी म्हटलं, बाहेर बर्फाला काय तोटा.
तो हसला नाही. मीही हसायला नको होतं.
कार्यक्रम आज रात्रीच होता म्हणे.
चेक घेतला, घडी न घालता खिशात कोंबला,
खोका माझ्या काउंटरवर ठेवला
आणि टॅक्सीकडे गेला.

दार बंद करायच्या वेळी बारा-सी ओ देईना.
एकदा. दोनदा. तीनदा.
हिरवी खूण होती, माणूस नव्हता.
घरूनच खूण केलेली, आणि मग कोण जाणे काय,
ताप, पूल, भांडण.
मी धावले, नाही असं नाही.
ओल्या फरशीवरून, माझ्या वयाला न शोभेल अशी,
काचेच्या दारापर्यंत,
आणि टॅक्सीचे लाल दिवे वळणापाशी दिसले,
मग तेही नाहीत.

विमान एकोणपन्नास जणांना घेऊन उडालं.
माँट्रियलचा हिशेब अगदीच काही खोटा नव्हता.
चारांतला एक तरी आला नाहीच,
फक्त आम्हाला सात मिनिटं उशिरा कळलं.

रात्री साडेअकराला खोका उघडला.
आम्ही चौघं, उभ्यानेच, कागदी रुमालांवर.
निळ्या क्रीमने लिहिलं होतं: व्हर्ना.
केक चांगला होता, हे सांगायलाच हवं,
लिंबाचा, आत जाम.
नावावरून सुरी फिरवायला कुणी तयार होईना,
म्हणून कडेकडेने खाल्ला.